फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट व्हायचंय? क्लासची फी भरण्याआधी हे काम नेमकं काय ते समजून घ्या

अकोला : निकाल लागले की जठारपेठेत बाहेरगावच्या मोटारसायकली वाढतात. तेल्हारा, अकोट, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर. पोरगं पुढे, बाप मागे, हातात गुणपत्रिकेची पिशवी. सायन्सवाल्यांचं ठरलेलं असतं, नीट नाहीतर जेईई. कॉमर्सवाल्यांच्या तोंडी मात्र आता एक नवा शब्द ऐकू येतो, फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट. मराठीत वित्त विश्लेषक. पोराने तो यूट्यूबवर ऐकलेला असतो, आणि बापाला त्यातलं एवढंच कळलेलं असतं की फी मोठी आहे.

गावात या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक म्हणजे शेअरची टिप देणारा. दुसरा म्हणजे बँकेतला साहेब. दुसरा अर्थ थोडाफार तरी बरोबर आहे. पहिला साफ चुकीचा आहे, आणि त्यानेच घरं फसतात. म्हणून आधी हे काम काय आहे ते पाहू, कोर्स आणि फी नंतर.

कापसाचं गणित म्हणजेच हे काम

घरी कापूस असणाऱ्याला हे लवकर समजेल. १०० किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, ६२ ते ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर चालतो आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो.

आता समजा रुई ५५,००० रुपये खंडी आहे आणि सरकी ३,४०० रुपये क्विंटल. (हे भाव समजावण्यापुरते धरलेत, आजचे नाहीत.) ५५,००० भागिले ३५६ केलं की रुई किलोला साडेचोपन्नाशे पैसे नव्हे, १५४ रुपये ५० पैशांच्या आसपास पडते. ३४ किलो रुईचे झाले ५,२५३ रुपये. ६३ किलो सरकीचे झाले २,१४२. म्हणजे एका क्विंटल कापसातून ७,३९५ रुपयांचा माल निघाला. त्यातून मजुरी, वीज, वाहतूक आणि जिनिंगवाल्याचा नफा मिळून ३५० रुपये गेले असं धरा. राहिले ७,०४५. या भावांना कापूस घेणाऱ्याची ऐपत एवढी आहे.

खरं काम इथून सुरू होतं. उद्या व्यापारी म्हणाला, "खंडी दोन हजारानं पडली भाऊ, क्विंटलमागे चारशे कमी होतील." तर हिशेब काय सांगतो? २,००० भागिले ३५६, गुणिले ३४. उत्तर १९१ रुपये. चारशे नाही. उरलेले दोनशे कुठे गेले हे तुम्ही त्याला विचारू शकता. सरकीही पडली असेल तर गोष्ट वेगळी, कारण सरकी क्विंटलला ५०० रुपयांनी उतरली की कापसातले ३१५ रुपये जातात. गावात सगळे खंडीचा भाव विचारतात आणि सरकीकडे कुणी पाहत नाही, पण धक्का बरेचदा तिथून बसतो.

एक आकडा हलला तर दुसरा किती हलेल, हे आधी मांडून ठेवायचं. फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट हेच करतो, फक्त कापसाऐवजी कंपनीचं, कर्जाचं किंवा सोन्या-तेलाचं करतो, आणि वहीऐवजी एक्सेलमध्ये करतो. कापसाचं करणारेही आहेत. एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकीच्या ढेपेचा जो करार चालतो, त्याच्या इंग्रजी चिन्हातली शेवटची तीन अक्षरं ए-के-एल आहेत. म्हणजे अकोला. आपण गाईम्हशीपुढे टाकतो त्या ढेपेच्या भावावर मुंबईत बसून लोक अहवाल लिहितात आणि त्यासाठी अकोल्याकडे पाहतात. अकोल्यातल्या पोरांना मात्र हे कुणी सांगत नाही.

नुसत्या गुणाकारावर अहवाल होत नाही. भाव का हलेल हेही सांगावं लागतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केलं. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,७१०. बाहेरचा माल स्वस्त पडला तर गिरणी तिकडे वळेल, इथला बाजार हमीभावाच्या खाली जाईल, सीसीआयच्या केंद्रावर गर्दी होईल. अशी साखळी अ‍ॅनालिस्ट लिहितो आणि शेवटी हेही लिहितो की माझा अंदाज कोणत्या कारणाने चुकू शकतो. टिप देणारा हा शेवटचा भाग कधीच सांगत नाही.

नफा कागदावर, पैसा बाहेर

दुसरं उदाहरण कर्जाचं घेऊ. कारण या क्षेत्रातल्या नोकऱ्यांचा मोठा भाग शेअर बाजारात नाही, कर्जात आहे. समजा एका डाळमिलने बँकेकडे दोन कोटी मागितले. विक्री वर्षाला २० कोटी, नफा ४० लाख. कागद पाहून कुणीही म्हणेल, द्या. अ‍ॅनालिस्ट ताळेबंद उघडतो. येणं बाकी गेल्या वर्षी २ कोटी होती, यंदा ६ कोटी झाली. म्हणजे माल गेला, बिल फाटलं, नफाही लिहिला, पण पैसा आलाच नाही. मग तो विचारतो की हे ६ कोटी कुणाकडे अडकलेत? एकाच व्यापाऱ्याकडे चार असतील तर तो बुडाला की मिलही बुडाली. हे कर्ज धंदा वाढवायला मागितलंय की उधारीचं भोक बुजवायला?

तुमच्या गावातल्या कृषी केंद्रवाल्याचं हेच होतं. पेरणीत दुकान भरून विक्री, आणि दिवाळीला कंपनीचं बिल भरायला हातात रोकड नाही. ज्याने हे घरात किंवा शेजारी पाहिलंय त्याला 'कॅश फ्लो' हा शब्द समजायला पुस्तकाची दहा पानं लागत नाहीत.

चुका मोठ्यांच्याही होतात. सत्यम कंपनीच्या खात्यात दाखवलेला पैसा खरा नव्हता, हे ७ जानेवारी २००९ ला मालकाने स्वतः पत्र लिहून सांगितलं तेव्हा जगाला कळलं. तोवर कित्येक अ‍ॅनालिस्ट तो शेअर घ्या म्हणत होते. आयएल अँड एफएस या कंपनीला २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्यात वरची पत होती, सप्टेंबरमध्ये तीच कंपनी थकबाकीदार ठरली. पत ठरवणाऱ्या संस्थेला फी देते ती ज्या कंपनीची पत ठरवायची तीच कंपनी. या धंद्यातला हा जुना दोष आहे आणि तो अजून गेलेला नाही. वरिष्ठ म्हणतात 'हो' लिही, आकडे म्हणतात 'नाही', अशी वेळ या नोकरीत येते. पोराने ते आधीच जाणून असावं.

नोकऱ्या आहेत कुठे

खरं बोलायचं तर तालुक्याला नाहीत, जिल्ह्याला थोड्या आहेत. अकोल्या-अमरावतीत सहकारी आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज विभाग, सीएंची कार्यालयं, गृहकर्ज आणि वाहनकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या. पदाच्या नावात 'अ‍ॅनालिस्ट' नसेल, क्रेडिट ऑफिसर असेल, काम तेच. शेतकरी उत्पादक कंपन्या वाढल्या आहेत, त्यांना बँकेपुढे ठेवायला प्रकल्प अहवाल लागतो आणि तो नीट लिहिणारा माणूस सहज सापडत नाही. यात पगार कमी असतो पण घरी राहता येतं.

मोठा बाजार मुंबई आणि पुण्यात. मुंबईत ब्रोकर कंपन्या, म्युच्युअल फंड, आणि १९८७ साली सुरू झालेल्या क्रिसिलसारख्या पत ठरवणाऱ्या संस्था. पुण्यात परदेशी बँकांची मोठी कार्यालयं आहेत. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, बीएनवाय. तिथे लंडन-न्यूयॉर्कच्या कामाचा एक तुकडा इथून होतो. कामाला शिफ्ट असते, इंग्रजी बोलावं लागतं, आणि सुरुवातीची दोन वर्षं आकडे जुळवण्यात आणि तक्ते भरण्यात जातात. यूट्यूबवर कोट घातलेला माणूस दाखवतात, हे तक्ते दाखवत नाहीत.

पगाराबद्दल क्लासवाले १२ लाख, १८ लाख असे आकडे फलकावर लावतात. ते आयआयएम किंवा तशा मोठ्या संस्थांतून निघालेल्यांचे असतात. साध्या बीकॉमवर पुण्यात लागलेल्या पोराच्या हातात महिन्याला २५ ते ३५ हजार पडले तर ते ठीक समजावं. त्यातून खोलीचं भाडं आणि मेस जाणार. चार-पाच वर्षांनी, परीक्षा पास होत गेल्या तर, पगार चांगला उडी घेतो. पहिली तीन वर्षं घरी पैसे पाठवता येतील असं धरून कर्ज काढू नका.

संगणकाची भीती खोटी नाही. अहवालातले आकडे उचलून तक्त्यात भरणं हे काम आता एआय झपाट्याने करतंय आणि नवख्यांना पूर्वी त्याच कामावर घ्यायचे. न जाणारं काम म्हणजे विचारपूस. मुंबईचे अ‍ॅनालिस्ट ट्रॅक्टर कंपनीचा अहवाल लिहिताना विक्रेत्यांना फोन लावतात, माल उठतोय का विचारतात. याला ते 'चॅनल चेक' म्हणतात. महिंद्रा दर महिन्याला ट्रॅक्टर विक्रीचा आकडा शेअर बाजाराला कळवते. तो आकडा का घसरला हे मुंबईच्या पोराला शोधावं लागतं. सोयाबीन ओलं झालं, पोळ्यापर्यंत हातात पैसा नव्हता, हप्ते थकले, हे बाळापूरच्या पोराला माहीतच असतं. ते इंग्रजीत चार ओळींत लिहिता आलं पाहिजे, एवढीच अडचण.

शिकायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

पदवी आधी. अकोल्यात एलआरटी कॉमर्स कॉलेज आहे, शिवाजी महाविद्यालय आहे, दोन्ही संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. बीकॉमच सर्वात सोयीचं, पण गणित चांगलं असलेला बीएस्सीचा पोरगाही चालतो. कृषी पदवीधरांनी तर हे दार बंद समजूच नये. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्र शिकून नाबार्डच्या ग्रेड 'ए' परीक्षेकडे किंवा बँकांच्या कृषी कर्ज विभागाकडे जाता येतं, आणि तिथे कॉमर्सवाल्यापेक्षा त्याचं पारडं जड असतं.

पदवी चालू असताना एक्सेल. वर लिहिलेलं कापसाचं गणित एक्सेलमध्ये असं मांडता आलं पाहिजे की खंडीचा भाव बदलला की खालचं उत्तर आपोआप बदलेल. एवढं जमलं की पुढचं जमतं. मोबाईलवर ते शिकता येत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये तास काढावे लागतील.

मग एनआयएसएमची परीक्षा. ही संस्था सेबीने काढलेली आहे, आपल्याच राज्यात रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला तिचा परिसर आहे. तिची 'सिरीज १५, रिसर्च अ‍ॅनालिस्ट' नावाची परीक्षा संगणकावर होते, पास व्हायला ६० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. फी दीड-दोन हजारांच्या घरात. पोराला हा विषय खरंच आवडतो की नुसता शब्द आवडलाय, हे तपासायला यापेक्षा स्वस्त मार्ग नाही. दोन हजारांत जे कळतं त्यासाठी दोन लाख कशाला घालवायचे?

सीएचा रस्ता वेगळा पण बळकट. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, मग दोन वर्षं आर्टिकलशिप, मग फायनल. लांबचा आहे, पण आर्टिकलशिपमध्ये थोडं विद्यावेतन मिळतं आणि हाताखाली खरी खाती येतात. सीए होऊन अ‍ॅनालिस्ट झालेले खूप आहेत. अ‍ॅनालिस्ट नाही जमलं तरी गावात सीएला काम कमी पडत नाही. जिल्ह्यात राहू इच्छिणाऱ्या पोराला आमचा कल याच बाजूने राहील.

आणि ते सीएफए

जठारपेठेत ज्याची फी विचारायला लोक येतात ते बहुतेक हेच. सीएफए ही अमेरिकेतल्या सीएफए इन्स्टिट्यूटची परीक्षा. तीन लेव्हल. पदवीच्या शेवटच्या वर्षांत असताना पहिली देता येते. तिन्ही पास होऊन वर ४,००० तासांचा कामाचा अनुभव, तोही किमान तीन वर्षांचा, दाखवला की नावापुढे ती तीन अक्षरं लावता येतात. नुसती लेव्हल १ पास झालेला पोरगा सीएफए नसतो. पत्रिकेवर तसं छापणंही त्या संस्थेच्या नियमात बसत नाही.

परीक्षा कठीण आहे. अलीकडच्या वर्षांत लेव्हल १ ला बसलेल्यांपैकी निम्म्याहून कमीच पास होतात. आणि फी डॉलरमध्ये आहे. एका लेव्हलला हजार डॉलर आणि वर, उशिरा नोंदणी केली तर आणखी जास्त. म्हणजे तिन्ही मिळून, एकदाही नापास न होता, नुसती परीक्षा फी अडीच-तीन लाख. क्लासची वेगळी. नापास झालं की त्या लेव्हलची फी पुन्हा.

क्लास मात्र सक्तीचा नाही, हे कुणी सांगत नाही. फी भरली की अभ्यासाचं साहित्य संस्थाच ऑनलाइन देते. स्वतः वाचून पास झालेले आहेत, पण त्यांचं इंग्रजी वाचन पक्कं असतं. गरजूंसाठी संस्थेची 'अ‍ॅक्सेस स्कॉलरशिप' आहे, मिळाली तर फी बरीच खाली येते. अर्ज ठराविक मुदतीतच घेतात आणि नोंदणीच्या आधी करावा लागतो. फी भरून बसल्यावर उपयोग नाही.

आमचं मत विचाराल तर पहिल्या नोकरीआधी सीएफएसाठी कर्ज काढू नये, आणि शेत गहाण ठेवून तर नाहीच. मोठ्या कंपन्यांत काही जणांची परीक्षा फी कंपनीच भरते. पोरगं आधी कामाला लागू द्या, पगारातून लेव्हल १ भरू द्या. दोन वर्षं उशीर झाला तरी या क्षेत्रात कुणी वय विचारत नाही.

क्लासमध्ये 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं लिहिलेलं दिसलं तर तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी किती पोरं शिकली, त्यातली किती कोणत्या कंपनीत कोणत्या पदावर लागली, आणि त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का. उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन परत या. फी एकदम मागितली तर हप्ते मागा. तुमच्या नावावर क्लासवालाच कर्ज काढून देत असेल तर कागदावर कोणत्या वित्त कंपनीचं नाव आहे ते वाचा, कारण पोराने क्लास सोडला तरी तो हप्ता सुटत नाही.

टिप देणारे 'अ‍ॅनालिस्ट'

आता तो पहिला समज. टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला अ‍ॅनालिस्ट म्हणवून रोज 'कॉल' देणारे शेकड्याने आहेत. पैसे घेऊन शेअरचा सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. २०१४ च्या रिसर्च अ‍ॅनालिस्ट नियमांनुसार नोंदणी झालेल्याचा क्रमांक इंग्रजी आय-एन-एच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आय-एन-ए ने. हा क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते पाहा. दुसऱ्याचा क्रमांक चोरून वापरणारेही असतात, म्हणून नावासोबत तिथला फोन आणि पत्ताही जुळवा. नक्की परतावा मिळेल असं सांगण्याची परवानगी नोंदणी झालेल्यालाही नाही.

सेबीनेच २०२४ मध्ये पाहणी जाहीर केली होती. आधीच्या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जणांचं नुकसान झालं. सगळ्यांचं मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. काही पोरं 'अ‍ॅनालिस्ट शिकतोय' असं घरी सांगून मोबाईलवर हेच करत बसतात. पोरगं रोज सव्वानऊला फोन घेऊन कोपऱ्यात जात असेल तर तो अभ्यास नाही. पैसे आधीच गेले असतील तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

कागदपत्रांचं

वसतिगृहात किंवा खोली करून शिकणाऱ्या अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटीवर. ती मान्यताप्राप्त कॉलेजच्या अभ्यासक्रमाला मिळते, खासगी क्लासला नाही. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं प्रवेशाआधीच तयार ठेवा, कारण निकालानंतर तहसीलला रांग लागते.

एनआयएसएमला पॅनकार्ड लागतं. सीएफएला पासपोर्ट लागतो, आधार चालत नाही, आणि नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, असं घरोघरी आहे. ते आधी दुरुस्त करून घ्या, पासपोर्टचा अर्ज नंतर.